कंटिन्युइटी

गंगाखेडच्या पुढं, नदीकाठच्या देवळात
आमच्या मालिकेचं शूटिंग.
हिरो परभणीच्या हॉटेलात, ठेचा खाऊन आडवा.
डायरेक्टर वैतागून म्हणाले,
कुणीही उभा करा, पाठमोरा चालेल.

कुणीही म्हणजे तो.
चौथ्या खांबावरून उतरून आला,
डावा पाय आठशे वर्षांच्या सवयीनं
अजून उचललेलाच.

मी मेकअपवाली. मला काय, चेहरा म्हणजे चेहरा.
पण पेटीतली एक शेड बसेना त्याला.
शेवटी चुलीतली राख खोबरेलात कालवून
गालाला लावली, तर म्हणतो कसा,
'पारव्यांनंतर तूच पहिली.'

एका टेकमध्ये ओके. पापणी म्हणून हलली नाही.
सादिकभाईंनी पेमेंटसाठी आधार मागितला.
'आधार? तो तर मीच की, ह्या छताचा.'
मी फिदकन हसले
आणि वर छत जरासं कुरकुरलं.

पॅकअपला विचारलंन, 'उद्या येशील?'
'कामून रे? उद्या हिरो बरा होयलाय.'
काही बोलला नाही. पाय उचलला, गेला.

रात्री रखवालदार दत्तोबा टॉर्च मारून मूर्ती मोजतात.
'छप्पन. भरल्या.' मग थबकले.
'बाई, ह्यो चौथा हसायलाय कामून?
अन् ह्याच्या हातात तं कमळ होतं,
ह्यो स्पंज कुठला?'

मी पेटी गच्च मिटली.
आत कॉम्पॅक्टखाली
दगडाचं कमळ, जरा कोमट.

मग गाडीवाल्याच्या हाती
परभणीला डबा धाडला हिरोसाठी:
भाकरी, आणि बरोबर
तोच ठेचा.