पाऊण पिंप

लिमाच्या कडेला, जिथे डांबर संपतं
आणि डोंगर म्हणजे नुसती राख,
तिथे सिस्टर एदुविहेस शाळा भरवायची.
चार चटया उभ्या, वर पत्रा,
फळ्याऐवजी निळं पिंप.

पिंपाच्या अंगावर खडूच्या रेघा:
ही पाव, ही निम्मी, ही पाऊण.
"एर्मोखेनेस, पाऊण पिंपात आईचे किती दिवस निघतील?"
मी विचारलं, धुणं धरून की सोडून?
ती हसली, पांढरा हात झग्याला पुसत.
अपूर्णांक मला असे आले,
तहानेकडून.

आता टँकर माझा आहे.
हप्ते फिटायचेत, पण दारावर नाव माझंच.
सकाळी धुकं इतकं
की हॉर्न आधी पोचतो, मी मागून.
पायऱ्यांच्या तळाशी बायका झाकणं काढून उभ्या.
पाऊण झालं की नळी उचलतो.
पैसे पुऱ्याचे.
वर फेस असतो, कोण बघतं?
हिशेब मला येतो, त्यांना येत नाही,
एवढंच माझं भांडवल.

परवा रांगेत ती होती.
ऐंशी पार, गुडघ्याला लोकरीची पट्टी.
पिंप मठाचं नव्हे, फोर्तुनाताचं.
फोर्तुनाता बाळंतीण, म्हणून तिचा नंबर हिने धरलेला.

मी नळी सोडली.
हात सवयीने थांबला.
तिने फेस विरेपर्यंत वाट पाहिली,
वाकून आत डोकावली,
मग खिशातून खडू काढला.
अजून खिशात खडू!
पाणी जिथवर होतं तिथे, पिंपाच्या बाहेरून,
एक रेघ ओढली.
लिहिलं काहीच नाही.
पैसे पुरे मोजून माझ्या हातावर ठेवले,
थंड, ओली नाणी.

"तुझी पाऊणकी अजून पक्की आहे," म्हणाली.
टोमणा असता तर मी परतवला असता.
पण ती खरोखरच खूश दिसत होती,
डोळे किलकिले करून रेघेकडे बघत,
मुलाची वही तपासावी तशी.

मागच्या बाईचं पिंप मी काठोकाठ भरलं.
तिच्यामागचीचंही. ती म्हणाली, अरे सांडतंय.
चौथ्या पिंपाशी हप्ता आठवला.

तोवर ती वर निघाली होती,
एका हातात बादली, दर वळणावर टेकत.
एकशे बारा पायऱ्या आहेत.
पहिलीत असताना
तिनेच मोजायला लावल्या होत्या.