मंगळवार-शुक्रवार

गाडी वर येत नाही.
राजाने वाट पालखीच्या मापाने घातली
आणि पाचशे वर्षांत कुणी ती रुंद केली नाही.
म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी, पावणेनऊला,
मी आईला पाठुंगळी घेतो
आणि शुरीचा उतार उतरू लागतो.
खाली पांढरी व्हॅन उभी असते, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्यांची.
ड्रायव्हर गुशिकेन दार उघडून ठेवतो
आणि मोबाइलमध्ये बघत बसतो,
आम्हाला संकोच नको म्हणून.

आई चौतीस किलोंची.
नाव नाबी, म्हणजे पातेलं.
तिच्या धाकट्या बहिणीचं कामादो, म्हणजे चूल.
त्या काळी ओकिनावात मुलींना अशीच नावं असत,
हाताशी असेल ते.

"योन्ना, योन्ना," ती कानाशी म्हणते. हळू रे, हळू.
जशी काही माझ्यात घाई उरलीय.
मीही त्रेसष्टचा.

चार वर्षं तिचा पाय इथे टेकलेला नाही
पण दगड तिला पाठ आहेत.
हा डावीकडचा डुगडुगतो.
हा पाणी धरून ठेवतो.
ह्याच्यावर तुझा बाप घसरला, तोफूचं घमेलं घेऊन.
तोफू वाचला.

एक पर्यटक बाई भिंतीला टेकून वाट देत म्हणाली,
किती सुंदर जागी राहता हो तुम्ही!
आई माझ्या खांद्यावरून म्हणाली,
"गॅसचा सिलिंडर चढवून बघ एकदा."

अर्ध्यावर झरा आहे, तिथे आम्ही टेकतो.
गेल्या महिन्यात तिथेच ती म्हणाली,
मिसोच्या बरणीखाली आपला जो दगड आहे ना,
तो ह्या वाटेचा.
लढाई संपली तेव्हा सहा वर्षांची होते.
शुरीत उभं असं काही नव्हतं,
वरची वाट तर नुसती खडी.
आईने त्यातला एक धड दगड आणला,
दोन आणखी कुठले तरी,
आणि मांडली चूल.
तीन दगड म्हणजे आपला अग्नीचा देव.
देव खरा, पण चोरीचा.
जागेवर ठेवून ये.

रात्री बरणी सरकवली.
एक बाजू काळी, तेलकट. दुसरीत शिंपल्याचा ठसा,
कारण हा दगड राजाच्या आधी समुद्राचा होता.
आईच्याच पट्ट्याने पाठीला बांधला.
आईपेक्षा जड निघाला.
टॉर्च पायापुढे धरून, हाबू साप असतील म्हणून पाय आपटत
मी वाट वरून खाली आणि खालून वर शोधली.
एक फट नाही.
एवढं उद्ध्वस्त झालेलं गाव,
आणि एका दगडाची जागा रिकामी नाही.
वरच्या टोकाला, जिथे तो असणार होता,
तिथे डांबर आहे
आणि थंड चहाचं यंत्र, रात्रभर उजेड पाडत.
मी एक चहा घेतला.
दगडाला पाठीवर तसाच ठेवून उभ्याने प्यालो.
घरी येऊन तो तांदळाच्या पोत्यामागे लपवला.

मंगळवारी आईने विचारलं, ठेवलास?
ठेवला.
कुठे?
मी पायाने एक दगड दाखवला, झऱ्याच्या जरा वरचा.
ती काही बोलली नाही.

शुक्रवारी त्याच जागी म्हणाली, थांब.
उतरव मला.
मोजे काढ.
मी भिंतीला पाठ लावून तिला काखेत धरलं.
तिने दोन्ही पावलं दगडावर ठेवली,
बोटं पसरून, पीठ चाचपावं तशी.
वर झाडीत एक पक्षी ओरडून गप्प झाला.
खाली गुशिकेनने हॉर्न वाजवला नाही.
तो कधीच वाजवत नाही.

"गार आहे," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने,
"चुलीतला दगड इतका गार होत नाही रे,"
आणि हात वर केले,
मी पुन्हा उचलावं म्हणून.