रात्री दहानंतरचं रक्त

गाव जेवून आडवं झालं की आम्ही निघायचो.
उदेभानच्या हातात कंदील, माझ्या पिशवीत
काचपट्ट्या, स्पिरिट, सुया,
आणि मागे साऱ्या आळीची कुत्री.

दिवसा रक्त घेऊन उपयोग नसतो.
दिवसा ते फुफ्फुसांत दडून असतात,
शिवणीतून सुटलेल्या दोऱ्यासारखे, इवले;
डासाला भूक लागायच्या वेळी
कातडीजवळ येऊन थांबतात.
त्यांना घड्याळ कोणी शिकवलं, माहीत नाही.
मला त्यांनी शिकवलं.
एकतीस वर्षं त्यांच्या वेळेनं जेवले, निजले.

नागभीडपलीकडे, धानाच्या बांध्यांत ते गाव.
बोडीच्या काठाला ढिवरांची घरं,
माणसं सुजल्या पायावर धोतर ओढून बसलेली.
सोयरिकीला आलेले लोक
मुलीचा चेहरा नंतर बघायचे.

पहिल्याच रात्री उदेभान शेंडे म्हणाला,
"नंबर शिसपेननं लिवा, मॅडम. शाई पाण्यात जाते."
मी पुण्याहून भारीतलं पेन आणलं होतं.

सायत्रा नन्नावरे.
सासरा, नवरा, दोन्ही दीर, सगळ्यांना हत्तीपाय.
ती त्याच घरात, त्याच डासांत, बावीस वर्षं
कोरडी.
तिसऱ्या रात्री बोट पुढे करत म्हणाली,
"का भेटलं माह्या रक्तात?"
"काही नाही."
"मंग कावून उठोता रोज रोज?"

कसं सांगावं,
की बाई, ते काही नाहीच हवंय मला.

जंत लढत नाही. तो समजूत घालतो.
रक्तातल्या पहारेकऱ्यांशी हळू बोलतो,
मी घरचाच आहे म्हणतो,
आणि वर्षानुवर्षं ते त्याला जेवू घालतात.
पुस्तकात याला शब्द आहे: सहनशीलता.
आमच्याकडे तो स्थळ सांगताना वापरतात.
सायत्राच्या पेशींत ती नव्हती.
काचेच्या बशीत जंताचा अर्क नुसता दाखवला
तरी भडकायच्या, चार-चार दिवस.
सासऱ्यापुढे मात्र तिचा पदर कधी ढळला नाही.

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात तिचा सीरम,
थर्मास मांडीवर घेऊन नॅरोगेजनं नागपूर.
समोरची म्हातारी विचारते, कुल्फी हाय का वं?
मी हो म्हटलं. मग नातवाला हवी झाली.

एका मे महिन्यात वीज गेली ती दोन दिवस.
सहाशे नमुने नासले.
तिचे वाचले, कारण उदेभाननं
गोळेवाल्याची अख्खी लादी सायकलवर बांधून आणली
आणि वर गोणपाट टाकून रात्रभर बसला.

पुढे एक प्रथिन सापडलं, तिचं रक्त ज्यावर चिडायचं.
अकरा पानी निबंध झाला. त्यात ती एकशेचौदा.
लस होईल, असं मी शेवटी लिहिलं होतं.
उंदरांत चालली, माकडांत निम्मी,
मग पैसे संपले, मग तीन अर्ज नामंजूर.
गोळ्या मात्र आल्या, वर्षातून एकदा,
आशाताईसमोर गिळायच्या.
काचपट्ट्या रिकाम्या येऊ लागल्या.
आनंद झाला. खोटं कशाला बोलू,
थोडं पोरकंही वाटलं.

सायत्रा रोवणीत गेली, साप डसून.
त्या विषाशी तिच्या रक्ताची ओळख नव्हती.
मी तेव्हा एका परिषदेत होते,
पडद्यावर तिचा आलेख, सगळ्यात उंच रेघ.

परवा निवृत्तीच्या आवराआवरीत
नवी मुलगी, डॉक्टर तिजारे, विचारत आली,
"मॅडम, एकशेचौदाच्या दोन कुप्या आहेत तळाशी.
लेबल पुसट झालंय. टाकायच्या?"

हातमोज्यात घेतल्या. उणे ऐंशीचा धूर.
नखाएवढं पिवळट काहीतरी,
अजून कोणाचंच न ऐकणारं.
म्हटलं, शिसपेन दे, नाव घालते.
नंबर नको या वेळी.

अख्ख्या प्रयोगशाळेत शिसपेन नव्हती.
मार्कर पुढे केले त्यांनी, निळे, काळे, न पुसणारे.
मी पर्सच्या तळाशी चाचपत राहिले,
आणि बोटांत गारठा वर चढत होता.