दोनशे पंचावन्न डोकी

रुवीत रात्री साडेदहाला एसीचं पाणी
बादलीत पडत असतं.
वर्गीसने शटर अर्धं ओढलंय.
टेबलावर चाळीस जीबीची डिस्क,
सुरमईचा वास अजून तिच्या पट्टीला.
मासळीच्या कंपनीचा सगळा हिशेब आत,
म्हणून सालिम महरूकी सीबहून स्वतः घेऊन आला,
मांडीवर, अंडी आणावीत तशी.

भाच्याने विंडोजशेजारी लिनक्स बसवलं, एवढाच गुन्हा.
आता विंडोज उठत नाही.
काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकती रेघ,
बास.

बायोसला विचारलं, डोकी किती?
दोनशे पंचावन्न, म्हणाला.
वाटणीच्या तक्त्याला विचारलं.
तो म्हणाला, सोळा.
डिस्कच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरही सोळाच छापलेली.
आणि मी असल्या डिस्का खोलून बसलोय आयुष्यभर:
आत एक चकती, नाहीतर दोन,
डोकी फार तर चार.
दोनशे पंचावन्न!
रावणसुद्धा दहावर थांबला होता.

म्हणजे सगळेच खोटं बोलतात,
आणि कुणालाच दोष देता येत नाही.
जुन्या यंत्रांना मोठा आकडा मोजता येईना,
तेव्हा कुणीतरी डोकी वाढवली, सिलिंडर घटवले,
गुणाकार जमवला.
गुणाकार जमला की पुढे कोण विचारतं.

लिनक्सला या मोजणीचं काही नाही,
तो शून्यापासून एकेक खण मोजत सरळ चालत जातो.
विंडोज मात्र उंबऱ्यावर अडतं:
कितवा सिलिंडर, कितवं डोकं, नीट सांगा.
सांगितलं की जातं
भलत्याच्याच दारी.

माझा बताका खिशात आहे.
त्यावर जन्म एक जून.
दाभोळच्या शाळेत आम्ही बावीस जण एक जूनला जन्मलो,
मास्तरांच्या एकाच दौतीतून.
आय म्हणते, उरुसाची रात्र होती,
खाडीला उधाण, सुईण पलीकडच्या काठावर अडकलेली.
साल तिलाही आठवत नाही.
आणि आडनावाच्या रकान्यात इब्राहिम.
तो माझा बाप.
पहिल्या वर्षी विमानतळावर दीड तास बसवलं होतं,
तिकिटावरचा दळवी आणि कागदावरचा इब्राहिम
एकच माणूस कसा, म्हणून.
शेवटी एका पोरसवदा अधिकाऱ्याने
खोडून, वर लिहून, शिक्का मारला.
माझ्यातलं काही हललं नाही.
भूक लागली होती तेवढी लागलेलीच राहिली.

तक्ता आधी वहीत उतरवला, पेनाने.
एवढ्या वर्षांत शिकलेली हीच एक अक्कल.
मग तोच तक्ता, तोच्या तोच, परत लिहायला दिला,
फक्त सांगितलं: डोकी दोनशे पंचावन्न धर.
सुरुवात त्रेसष्टाव्या खणाला, होती तिथेच.
बांध कोरायचा नाही,
सात-बारावरचा आकडा तेवढा बदलायचा.
एंटरवर बोट ठेवलं
आणि वर्गीस उगाचच पंख्याकडे बघू लागला.

उठलं.

सालिमने आधी शेवटची नोंद उघडली:
बारा खोकी, दुबई, पैसे बाकी.
मग श्वास सोडला.
काय मोडलं होतं? त्याने त्याच्या हिंदीत विचारलं.
काही नाही, म्हटलं,
तिघं जण एकाच घराचा पत्ता वेगवेगळा सांगत होते.
मग खरा कुणाचा?
मी बिल करत होतो. सहा रियाल.
खरा कुणाचाच नाही, म्हटलं असतं,
पण रात्र झाली होती आणि त्याला सीबला जायचं होतं.

शटरखालून वाकून बाहेर पडताना
बिलावरचं नाव वाचून तो म्हणाला,
शुक्रन, इब्राहिम.

मी ओ दिली.