अत्सेदेची टाच

त्रेचाळीस दिवस दूध नाही, अंडं नाही, मांस नाही,
आणि सणाच्या संध्याकाळी
मी आईला एन्टोटोवर जेवायला आणलं.
गेनासाठी फरशीभर हिरवं गवत अंथरलेलं.
खिडकीजवळचं टेबल दहा दिवस आधी सांगून ठेवलेलं.
कोपऱ्यात एक मुलगी कॉफीचे दाणे भाजत होती,
धुराचं तवं प्रत्येकाच्या नाकाशी नेत होती.

आईने पांढरा नेतेला डोक्यावरून घेतला
आणि खुर्चीच्या कडेला टेकली,
दवाखान्यात नाव पुकारेपर्यंत बसते तशी.

'बघ ना,' मी म्हटलं, 'अख्खं अदिस दिसतं इथून.'
ती बघत होती शेकोटीकडे.
'हिरवंच तोडलंय लाकूड.
टोकाला रडतंय बघ.'

ह्याच रस्त्याने ती उतरायची.
पहाटे वर, दुपारी खाली,
पाठीवर निलगिरीची मोळी, तिच्याहून लांब.
वळणावर तिरकं व्हावं लागे,
नाहीतर फांद्या मोटारींना घासत
आणि काचेतून शिव्या येत.
रखवालदाराने पकडलं की मोळी जायची, दोरीही जायची.
दोरीचं दुःख तिला अजून आहे,
लाकडाचं नाही.
माझ्या वह्या त्या मोळीतून आल्या,
हे मी दोन भाषणांत सांगितलंय.
तिला कधीच सांगितलं नाही.

ताट आलं. चौघांत एकच.
इंजेऱ्यावर लालभडक डोरो वॉट, चार अंडी.
आईने बोटाने रस्सा बाजूला सारला, मोजलं.
'कोंबडीचे बारा तुकडे होतात. हे नऊ.'
वाढपी, दाग्नाचू नावाचा पोरगा, कानापर्यंत लाल.
'आत विचारून येतो, आई.'
'नको. तुझ्या पगारातून कापतील.'
आणि पहिला घास गुंडाळून
तिने त्याच्याच तोंडाशी धरला.
हातात ट्रे, गळ्यात काळा बो,
शेजारची टेबलं बघताहेत,
माझा नवरा मेनूकार्डात तोंड लपवतोय.
तो वाकला. खाल्ला.
ओठाला लागलेला रस्सा पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.
तोही तिनेच पुसला.

मग कधीतरी तिने खिडकीकडे मान वळवली.
'आपलं घर कुठंय ह्यात?'
माझ्या म्हालेतने बोट काचेला लावलं:
'शिरो मेदा तिथे, त्या काळोख्या पट्ट्याच्या खाली.'
आई बराच वेळ गप्प.
'रोज इथूनच गेले मी. हे कुठे होतं तेव्हा?'
'इथेच होतं, आजी.'
'मला पुढच्या बाईच्या टाचाच दिसायच्या.
अत्सेदेच्या. डावीला भेग होती,
अशी, खालपासून वरपर्यंत.
थंडीत ती भेगेत मेण भरायची.
पाऊल उचललं की चमकायची.'
आणि समोर एवढं शहर पेटलेलं असताना
ती अत्सेदेच्या टाचेबद्दल बोलत राहिली,
कॉफीच्या तिसऱ्या कपापर्यंत.

'किती झाले?'
मी निम्मे सांगितले.
तिचे ओठ हलले. तेवढ्याच्याही
मोळ्या करत असावी.

दुसऱ्या वळणाला म्हणाली, 'थांबव.'
उतरली. चालू लागली.
आम्ही मागून गाडी हळूहळू सोडली.
पाठीवर काही नव्हतं, तरी
दिव्यांच्या उजेडात ती पुढे झुकलेलीच,
आणि वळण आलं तशी
तिरकी झाली.

खाली पडलेली एक फांदी तिने उचलली, मोडून पाहिली.
'ही वाळलेली आहे,' म्हणाली, आणि डिकी उघडायला लावली.

अजून तिथेच आहे.
स्टेपनी काढायला उघडलं की वास येतो.