खरखर

पत्र आलं होतं सरकारचं, फ्रिजवर चिकटवलंही होतं.
तरी डिसेंबरातल्या त्या सकाळी रेडिओ मुका झाला
तेव्हा गुनवोर म्हणाली, "बॅटरी बघ रे."
त्याला बॅटरी कधी नव्हतीच.
भिंतीतल्या वायरीवर जगत होता तो,
आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून.

(सकाळ म्हणायचं आपलं.
वार्डोत डिसेंबरला सूर्य उगवत नाही,
घड्याळ सांगतं म्हणून उठायचं.)

मग समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी काढली,
वाड्सोपर्यंत बर्फ, डावीकडे काळं पाणी.
दुकानात आठ रेडिओ ओळीनं मांडलेले.
आइलो नावाचा पोरगा पडद्यांचे रंग दाखवू लागला:
हा निळा, हा हिरवा, हा फोनशी बोलतो.
गुनवोरच्या नजरेच्या ऐन मध्यावर
दोन वर्षांपासून एक डाग बसलाय.
मी समोर असलो की तिला दिसत नाही,
बाजूला सरलो की दिसतो.
तिनं हातमोजे काढले, डोळे मिटले.

चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
कॉडमधला काटा बोटांनी शोधला तिनं.
पहिल्यावरून हात फिरवून म्हणाली, "याला नाकडोळेच नाहीत."
दुसरा गुळगुळीत. तिसरा तसलाच.
पाचवा बुटका, लाकडी अंगाचा,
वर चामड्याची मूठ, पुढे दोन गोल खुंट्या.
फिरवल्या की बोटाला कळतं: कट्, कट्.
"हा."
मला सातवा आवडला होता. स्वस्त, आणि आवाज भरदार.
माझं मत कुणी विचारलं नाही.

आता तो मुठीला धरून घरभर हिंडतो तिच्याबरोबर:
न्हाणीघरात, लाकडाच्या खोपीत, उशाशी.
चौथ्या बटणावर मी जाळ्याचा दोरा चिकटवून दिलाय,
म्हणजे समुद्राचं हवामान अंधारातही सापडतं.
टेबलावर त्याच्या पायांचे चार डाग उमटलेत,
ते पुसायचा मी प्रयत्न करतो, ती करत नाही.

भिंतीवरचं घड्याळ सातला वाजतं,
आणि बातम्यांचे ठोके दोन सेकंद मागून येतात.
पहिल्या आठवड्यात तिनं घड्याळालाच रागावून पाहिलं.
आता म्हणते, "लांबून येतो बिचारा."

आवाज मात्र धुतल्यासारखा स्वच्छ.
एक स्टेशन संपतं, दुसरं लागतं,
मधे कुणी राहत नाही.
पूर्वी मधे केवढी वस्ती होती!
रात्री खुंटी जरा हलवली की
खरखरीतून पलीकडची रशियन बाई वर यायची,
काहीतरी यादी वाचत असल्यासारखी.
आम्हां दोघांना ओ की ठो कळायचं नाही.
गुनवोर भाषांतर करायची:
"आज कॉड महाग. आज नवरे स्वस्त."

जुना अजून खिडकीतच आहे,
त्याच्यावर मी चष्मा ठेवतो.
एखाद्या रात्री ती झोपली की प्लग लावतो,
आवाज अगदी बारीक करतो.
बातम्या नाहीत, गाणी नाहीत,
नुसतं पीठ चाळल्यासारखं.
बसतो थोडा वेळ.

परवा आतून हाक आली:
"ओद्वार, जरा डावीकडे घे.
तिथे असायची ती."