पळसपापडी

धवळूमामा आधी गूळ चारायचा.
"जंत गोडाला गोळा होतात,
मग पापडी. अडीच बिया, उगाळून.
तीन झाल्या तर जंताआधी पोर आडवं."

नाशकात, गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
मी त्याच बियांचा अर्क
डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत कोंडते.
बशीत गांडूळ. हातात घड्याळ.
नुसता अर्क: एकेचाळीस मिनिटं.
कणांतला: सतरा.
गांडुळाची माफी मागायला वहीत रकाना नाही.

सुरगाण्याला बाटली नेली.
मामानं उन्हात धरली, हलवली.
"दिसतच नाही,
म्हणजे पोरगं थुंकणार नाही. बरंय."
मग बराच वेळ गप्प.
"आणि गूळ?"

मी वही चाळली.
गुळाचं कुठंच लिहिलं नव्हतं.